टेक्सासमध्ये कयाकवरून बॅस: आधी गाडी बघा, मग बोट

ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टन या पट्ट्यातल्या मराठी मंडळींना कयाक फिशिंगचं वेड लागण्याचा क्रम ठरलेला आहे. तलावाकाठी फिरताना कुणीतरी कयाकमध्ये बसून घसघशीत बॅस, म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा, काढताना दिसतो. त्या रात्री झोपेचं खोबरं करून व्हिडिओ पाहिले जातात. आणि पुढच्या पॉटलकला आपल्याला कोपऱ्यात गाठून विचारलं जातं, "पेडलची घेऊ का वल्ह्याची?"

माझे उलट प्रश्न ठरलेले आहेत. गाडी कुठली? राहता कितव्या मजल्यावर? आणि बोट उचलायला घरात दुसरं कोण आहे? विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, पण नवख्याचा निम्मा निर्णय इथेच होतो. पन्नास-साठ पौंडांची साधी बोट दर शनिवारी पाण्यावर जाते. सव्वाशे पौंडांची महागडी बोट गॅरेजच्या भिंतीला टेकून राहते, आणि वर्षभराने फेसबुक मार्केटप्लेसवर "फारशी न वापरलेली" म्हणून विकायला निघते. कयाकवर येणारी प्रत्येक वस्तू तुम्हाला उचलायची, बांधायची आणि बोट उलटलीच तर पाण्यातून गोळा करायची आहे. खाली जे सांगतोय ते सगळं याच कसोटीवर घासलेलं आहे.

पायरी १: परवाना घ्या आणि काठावरून सुरुवात करा

१७ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला टेक्सासच्या सार्वजनिक पाण्यात मासे धरायला परवाना लागतो. गोड्या पाण्याचा वर्षाचा परवाना इथल्या रहिवाशाला ३० डॉलरच्या आसपास पडतो. रहिवासी म्हणजे सलग सहा महिने टेक्सासमध्ये राहिलेला. त्याआधी बाहेरच्या माणसाचा महाग परवाना घ्यावा लागतो. या परवान्याचं वर्ष ३१ ऑगस्टला संपतं, त्यामुळे जुलैत घेतलात तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा खिशात हात घालावा लागेल.

अजून मनाची तयारी नसेल तर राज्य उद्यानात जा. तिथे काठावरून गळ टाकायला परवाना लागत नाही, आणि बऱ्याच उद्यानांत रॉड-रील उसने मिळतात. दोन-चार सकाळी काठावर घालवा. ल्यूर (नकली आमिष) फेकायला शिकायचं, गाठ मारायला शिकायचं, लाईनचा गुंता सोडवायला शिकायचं ते इथेच. वाऱ्याने झाडीत ढकलली जाणारी बोट, हातात गुंता आणि मांडीवर गळ अशी शाळा नको.

पायरी २: कुठल्या पाण्यावर जाणार ते ठरवा

टेक्सास मोठ्या बॅससाठी प्रसिद्ध आहे ते उगाच नाही. राज्याच्या वन्यजीव खात्याने, म्हणजे टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफने, १९७० च्या दशकापासून इथल्या धरणांत फ्लोरिडाचा जास्त वाढणारा बॅस सोडला. १९८६ पासून 'शेअरलंकर' उपक्रमातून १३ पौंडांवरचे मासे लोकांकडून घेऊन त्यांची पैदासही केली. राज्याचा विक्रम १८.१८ पौंडांचा आहे, जानेवारी १९९२, लेक फोर्क. हा आकडा डोक्यात ठेवा आणि मग विसरून जा, कारण तुम्हाला सुरुवातीला दोन पौंडांचा मिळाला तरी बोटीत नाचावंसं वाटेल. नाचू नका.

ऑस्टिनवाल्यांचं नशीब चांगलं. शहराच्या मधोमध लेडी बर्ड लेक आहे, पेट्रोल इंजिनाला बंदी आहे, त्यामुळे लाटा मारत जाणारं कुणी नाही. काठावर कयाक भाड्याने मिळतात आणि बॅसही दणदणीत आहेत. डॅलसकडचे लुईसव्हिल, ग्रेपवाईन, रे रॉबर्ट्स हे मोठे आणि उघडे जलाशय. तिथे सकाळी सहाला आरशासारखं पाणी असतं आणि दहाला वारा सुटतो. शनिवारी दुपारी वेकबोटींची, म्हणजे मोठ्या लाटा उठवणाऱ्या मोटरबोटींची, जत्रा. सुरुवातीला तिथे गेलात तर एखाद्या शांत खाडीतच राहा. त्यापेक्षा डॅलसच्या आग्नेयेला पर्टिस क्रीक राज्य उद्यानाचा तलाव बघा. साधारण ३५५ एकर, लाटा उठवणाऱ्या वेगाला बंदी, आणि नवशिक्याला हवं ते सगळं हाताशी. लेक फोर्क डॅलसपासून दीडेक तासावर. पाण्यात उभी असलेली वठलेली झाडं, हजारो एकर पसारा. जायचं जरूर, पण पहिल्या वर्षी नको.

सॅन मार्कोस आणि ग्वाडालूपसारख्या नद्यांचा मामला वेगळा आहे. तिथे ग्वाडालूप बॅस मिळतो, १९८९ पासून टेक्सासचा राज्यमासा. आकाराने लहान, पण प्रवाहात वाढलेला असल्यामुळे अंगात ताकद भरपूर. नदीला दहा फुटांची हलकी, वल्ह्याची बोटच बरी. उथळ खडकाळ पाण्यात पेडलची बोट पंखा अडकवून घेते.

पायरी ३: कयाक

प्रकार आधी मिटवून टाकू. वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप, हीच घ्या. आत पाय घालून बसायची कयाक उलटली की पाण्याने भरते आणि भर तलावात रिकामी करता येत नाही. वर बसायच्या बोटीला आरपार भोकं असतात, पाणी आपोआप निघून जातं, आणि पडलात तर पुन्हा चढता येतं. टेक्सासच्या उन्हात पाय मोकळे असणं हा वरचा फायदा.

आता वजन. सेडान किंवा लहान एसयूव्ही असेल आणि एकटेच जाणार असाल, तर ७० पौंडांच्या वर जाऊ नका. पिकअप असेल तर ९०-१०० पौंड चालतात, कारण बोट डोक्यावर न्यावी लागत नाही, मागून ढकलायची असते. टेक्सासमध्ये बोटीचं टोक पिकअपच्या मागे चार फुटांपेक्षा जास्त बाहेर आलं तर लाल कापड बांधावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा. ट्रेलर असेल तर मग हवी ती घ्या. होबी प्रो अँगलर १४ सगळं लावल्यावर दीडशे पौंडांच्या घरात जाते. तिच्यावरून अख्खा दिवस उभं राहून मासेमारी करता येते यात वादच नाही, पण ती गाडीच्या टपावर चढत नाही. आणि हो, कंपन्या कधीकधी नुसत्या सांगाड्याचं वजन छापतात. सीट आणि पेडल लावून किती, ते दुकानात विचारा.

टपावर एकट्याने चढवायची रीत अशी. बोट गाडीच्या मागे, गाडीच्याच रेषेत ठेवा. मागच्या काचेवर आणि डिकीच्या कडेवर न्हाणीघरातली रबरी मॅट टाका. बोटीचं पुढचं टोक उचलून मॅटवर, जमलं तर मागच्या आडव्या दांड्यावर टेकवा. मग मागे जाऊन दुसरं टोक उचला आणि गुडघ्यातून जोर लावत पुढे सरकवा. एका वेळी निम्म्याच बोटीचं वजन हातावर येतं. बांधताना साध्या बकलचे पट्टे वापरा. रॅचेटचे पट्टे नको, कारण ते आवळत जाताना प्लॅस्टिक चेपतं. हायवेवर जायचं तर पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक दोरी वेगळी.

दुकानात मात्र लाजू नका. "एकट्याने उचलून बघतो" म्हणा. ज्या दुकानदाराला याचं वावगं वाटतं त्याच्याकडून घेऊ नका.

लांबी-रुंदीचं गणित सोपं आहे. लांब बोट सरळ आणि वेगाने जाते, रुंद बोट स्थिर राहते. तलावासाठी साडेदहा ते बारा फूट लांबी ठीक. बसूनच मासेमारी करायची असेल तर ३१-३२ इंच रुंदी पुरते. उभं राहायचं मनात असेल तर ३४ इंचांच्या पुढे बघा. प्रत्येक जास्तीचा इंच वल्हवताना खांद्यात जाणवतो.

क्षमतेच्या आकड्याला बहुतेक जण फसतात. बोटीवर ३०० पौंड छापलेलं असतं, म्हणजे ३०० पौंडांना ती बुडत नाही इतकंच. नीट चालण्यासाठी छापील आकड्याच्या सत्तर टक्क्यांच्या आत राहा. तुमचं वजन १८० पौंड आणि सामान ४० पौंड धरलं तर २२० होतात, म्हणजे किमान ३१५-३२० पौंडांची बोट हवी. लाईफटाइमच्या टॅमरॅक अँगलरसारख्या स्वस्त दहा फुटी बोटीवर २७५ पौंड लिहिलेलं असतं. सडपातळ माणसाला ती उत्तम, पण दोनशे पौंडांच्या गृहस्थाने त्यात बसलं की भोकांतून पाणी वर येतं आणि दिवसभर ओल्या बैठकीवर बसावं लागतं.

सीटवर पैसे वाचवू नका. प्लॅस्टिकच्या खोबणीत उशी ठेवलेली सीट दोन तासांत कंबरेचा निकाल लावते. ॲल्युमिनियमच्या चौकटीची, जाळीची, उंच-खाली करता येणारी सीट हवी. आपल्या वयाच्या आयटीवाल्यांच्या कमरा आधीच खुर्चीने खाल्लेल्या असतात.

पेडल का वल्हं? पेडलचं सुख खरं आहे. हात मोकळे राहतात, वाऱ्यात जागेवर टिकता येतं, मासा लागला तरी बोट ताब्यात राहते. होबीने १९९७ मध्ये पंखांसारखी हलणारी मिराज ड्राइव्ह आणली, नंतर इतर कंपन्यांनी सायकलसारखं फिरवायचं पंख्याचं तंत्र आणलं. पंख्याची बोट मागेही जाते, आणि बॅस धरताना मागे सरकणं वाटतं त्याहून जास्त लागतं. पण पेडलची चांगली बोट दोन हजार डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही, पंधरा-वीस पौंड वजन वाढवते आणि शेवाळात पंखा गुरफटून घेते. माझं मत सरळ आहे: पहिलं वर्ष वल्ह्याची, सातशे ते हजार डॉलरमधली, किंवा जुनी. वर्षभराने तुम्हाला स्वतःलाच कळेल की पेडल हवं का. तेव्हा पहिली बोट विकली तर फारसं नुकसान होत नाही, आणि घरी पाहुणा आला तर ती त्याच्या कामी येते.

जुनी घेताना उलटी करून बघा. मागच्या टोकाचा तळ कॉंक्रीटवर ओढून घासलेला असतो. बोटाने दाबून प्लॅस्टिक लवतंय का पाहा. मग पाणी निघायच्या भोकांच्या कडा टॉर्च लावून तपासा, चिरा तिथेच पडतात. उन्हाने फिका पडलेला रंग चालेल. तळाला हलका पोचा असेल तर तोही चालेल, बोट उन्हात ठेवली की बऱ्याचदा आपोआप निघतो. भोकाजवळची चीर मात्र चालणार नाही, विकणारा कितीही गळ घालो.

अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हवा भरायच्या जाड, कडक तळाच्या कयाकचा विचार करायला हरकत नाही. गळ लागून फुटेल ही भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. वाऱ्यात त्या पतंगासारख्या उडतात, ही खरी अडचण.

मोटर लावायचा मोह झाला तर एक लक्षात घ्या. टेक्सासमध्ये नुसत्या वल्ह्याच्या कयाकला नोंदणी लागत नाही, पण बॅटरीवरची छोटी मोटर लावली तरी बोट नोंदवावी लागते.

पायरी ४: लाइफ जॅकेट, वल्हं, आणि पडायचा सराव

कायद्याने माणशी एक लाइफ जॅकेट बोटीत हवं, आणि १३ वर्षांखालच्या मुलांनी ते घालायलाच हवं. मोठ्यांना घालायची सक्ती नाही. तुम्ही मात्र घाला. "मला पोहता येतं" हे कारण नाही. फेब्रुवारीत उत्तरेचा वारा सुटलेला असताना थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासच लागतो, पोहणं दूर राहिलं. मासेमारीचं खास जॅकेट घ्या: पाठीचा फोम वर असतो म्हणून सीटला टोचत नाही, आणि पुढे खिसे असतात. त्यातल्या एका खिशात शिट्टी ठेवा, आवाज करायचं साधन बोटीवर असणं बंधनकारक आहे. अंधारात असाल तर पांढरा दिवाही. हवेने फुगणारी जॅकेट ऐटबाज दिसतात, पण त्यांचं सिलिंडर तपासत राहावं लागतं. नवख्याने फोमचंच घ्यावं.

वल्हं हलकं घ्या. बोटीसोबत फुकट मिळणारं ॲल्युमिनियमचं वल्हं ठीक असतं, पण दिवसभरात ते हजारो वेळा उचलायचं असतं. पंचवीस-तीस टक्के हलकं वल्हं शंभर-दीडशे डॉलरला मिळतं, आणि माझ्या मते कयाकवरच्या सगळ्या खर्चांत हे पैसे सर्वांत चांगले वसूल होतात. रुंद बोट आणि उंच सीट असेल तर २४० ते २६० सेंटिमीटर लांबी लागते. आखूड वल्ह्याने बोटीच्या कडेवर बोटांची सालटी निघतात.

आता सराव. एखाद्या उबदार दिवशी, छातीएवढ्या पाण्यात, पोहायला परवानगी असलेल्या ठिकाणी जा. (लेडी बर्ड लेकमध्ये पोहायला बंदी आहे, हे काम तिथे नको.) बोट रिकामी, सोबत एक जण. मुद्दाम उलटा. उलट्या बोटीच्या एका बाजूला उभे राहून हात पलीकडे टाका, पलीकडची कड किंवा हँडल पकडा आणि अंग मागे टाकून ओढा; बोट सरळ होते. मग सीटच्या शेजारी या. दोन्ही हात बोटीवर ठेवा, पाय मागे पाण्याच्या पातळीला येईपर्यंत जोरात मारा, आणि छाती बोटीवर सरकवत न्या. पोट सीटवर आलं की थांबा, दम घ्या. आता कुशीवर वळून बूड सीटमध्ये टाका, आणि पाय सर्वांत शेवटी आत घ्या. घाईने पाय आधी घेतलेत की बोट पुन्हा उलटते. हे जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नका. जमतच नसेल तर आणखी रुंद आणि पाण्याला टेकलेली बोट घ्यावी लागेल, आणि ते बोट विकत घेण्याआधी कळलेलं बरं. म्हणून आधी भाड्याने.

पायरी ५: रॉड, रील, लाईन

दोन रॉड पुरे. दुकानात आणि व्हिडिओत सात-आठ दिसतील, तिकडे लक्ष देऊ नका.

पहिला स्पिनिंग: सात फुटी, मीडियम ताकदीचा, फास्ट (म्हणजे मुख्यतः टोकाला वाकणारा), २५०० आकाराचं रील. त्यावर १० पौंडांची ब्रेड (विणलेली लाईन) आणि पुढे लीडर, म्हणजे ल्यूरकडचा तुकडा, सहा-सात फूट ८ पौंडांच्या फ्लुरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणारी लाईन). हलके ल्यूर यावर. साठ ते शंभर डॉलरमध्ये चांगला जोड मिळतो. सात फूट यासाठी की मासा बोटीच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेला तर रॉड टोकावरून फिरवता यायला हवा; सहा फुटी रॉडने ते जमत नाही आणि लाईन तळाला घासते.

दुसरा बेटकास्टर: सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट. रील सातच्या आसपास गिअर रेशोचं (हँडलच्या एका फेऱ्यात लाईनची फिरकी सातेक वेळा फिरते), त्यावर १५ पौंडांची फ्लुरोकार्बन. जड ल्यूर, झाडी आणि वठलेल्या ओंडक्यांतून मासा ओढून काढणं हे याचं काम. बेटकास्टरला सगळे घाबरतात कारण ल्यूर मंदावला तरी स्पूल, म्हणजे लाईनची फिरकी, फिरत राहतो आणि गुंता होतो. जुळवणी अशी करा. ल्यूर बांधा, रॉड समोर थोडा वर धरा, अंगठ्याचं बटण दाबा. ल्यूर हळू खाली उतरायला हवा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबायला हवा. तसं होईपर्यंत हँडलजवळची छोटी चकती आवळा. दुसऱ्या बाजूचा ब्रेक जवळजवळ पूर्ण लावा. सुरुवातीला ल्यूर लांब जाणार नाही, जाऊ दे. ल्यूर पाण्याला टेकण्याच्या क्षणी अंगठा स्पूलवर दाबायची सवय लागली की ब्रेक एकेक खूण कमी करा. हा सराव घरामागच्या हिरवळीवर, गळ काढून टाकून.

गाठ एकच शिका, पालोमर. लाईन दुमडून गळाच्या डोळ्यातून, म्हणजे लाईन ओवायच्या भोकातून, काढा, दुमडलेल्या लाईनची साधी सैल गाठ मारा, पुढचा फास अख्ख्या गळावरून उलटवा, थुंकी लावून ओली करा आणि आवळा. कोरडी आवळली तर फ्लुरोकार्बन स्वतःलाच कापते.

पायरी ६: ल्यूर

गावी तळ्याच्या कडेला, कमळाच्या पानांत मरळ धरलेला माणूस बॅसला लवकर समजून घेतो. दोघंही पाठलाग करणारे मासे नव्हेत, आडोशाला दबा धरून बसणारे. मरळ धरायला वापरतात तोच रबरी बेडूक इथेही कमळपानांवरून चालतो, आणि सूत्रही तेच: पाणी उसळलं की लगेच झटका द्यायचा नाही, वजन जाणवू द्यायचं. बेडकाला मात्र जाड ब्रेड आणि दणकट रॉड लागतो, म्हणून तो दुसऱ्या वर्षी.

पहिल्या वर्षी तीनच गोष्टी ठेवा.

एक, वॅकी रिग (रिग म्हणजे गळ आणि आमिष जोडायची रीत). पाच इंची मऊ, जाडसर वर्म (रबरी गांडूळ), सेन्को म्हणून जो प्रसिद्ध आहे तसा. त्याच्या बरोबर मध्यात गळ अडकवायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. काहीही करायचं नाही. दोन्ही टोकं थरथरत तो खाली जातो आणि बॅसला राहवत नाही. नवख्याला पहिला मासा बहुधा याच्यावर मिळतो. आपण काही करत नाही म्हणूनच मिळतो, असं मला वाटतं.

दोन, टेक्सास रिग. नाव इथलंच. लाईनवर आधी गोळीच्या आकाराचं वजन, पाव औंसाच्या आसपास, टोक वर. मग ३/० आकाराचा रुंद पोटाचा गळ. सात इंची वर्मच्या नाकात गळाचं टोक पाव इंच घालून बाजूने बाहेर काढा, गळ ओढत वर्मचं नाक गळाच्या डोळ्यापर्यंत आणा. आता गळ अर्धा फिरवा. वर्म सरळ लोंबत असताना गळाचं टोक अंगात कुठे येईल ते डोळ्याने मापा आणि तिथेच खुपसा. वर्म सरळ दिसला पाहिजे. जरा जरी वाकला तरी ओढताना तो भिंगरीसारखा फिरतो आणि लाईन पिळते. गळाचं टोक आत लपलेलं असल्यामुळे हे झाडीत कुठेही फेका, अडकत नाही. तळाशी जाऊ द्या, रॉडचं टोक हळूच उचला, पुन्हा जाऊ द्या. 'टक्' असं जाणवेल, किंवा लाईन कडेला सरकताना दिसेल. सैल लाईन आत घ्या आणि ओढा.

तीन, स्पिनरबेट, म्हणजे तारेवर फिरणाऱ्या चकचकीत पात्यांचा ल्यूर, ३/८ औंस, पांढरा. वारा आहे, पाणी गढूळ आहे, मासे कुठे आहेत पत्ता नाही, अशा वेळी फेकत आणि गुंडाळत राहायचं.

रंगांचा घोळ घालू नका. स्वच्छ पाण्यात ग्रीन पम्पकिन (हिरवट तपकिरी), गढूळ पाण्यात काळा-निळा. बाकीचे पन्नास रंग मुख्यतः माणसं धरण्यासाठी असतात.

तीन-तीन टोकांचे गळ असलेले क्रँकबेट मी यादीत मुद्दाम घेतलेले नाहीत. मोठ्या बोटीत मासा तडफडला तर लांब होता येतं. कयाकमध्ये तो तुमच्या मांडीवर असतो, एक गळ त्याच्या तोंडात आणि दुसरा मोकळा. वापरायचेच तर गळांचे उलटे काटे पक्कडीने चेपून टाका.

पायरी ७: बोटीवर काय, कुठे

सीटच्या मागे दुधाचा चौकोनी क्रेट, त्यात ल्यूरची एक चपटी डबी आणि वर्मच्या पिशव्या. लांब पक्कड, लाईन कापायची कात्री आणि रबरी जाळी हाताशी, दोरीने बांधलेली. रॉड, वल्हं, पक्कड, फोन, जे बांधलेलं नाही ते तलावाचं, असं धरून चाला. पाणी आणि टोपी सांगायला नको. बाह्या आणि मानेचा कपडा मात्र सांगावा लागतो.

नांगर जपून वापरा. टाकायचा तर फक्त पुढच्या किंवा मागच्या टोकाला, आणि झटक्यात सोडता येईल अशा दोरीने. सीटच्या बाजूला बांधलात आणि वारा किंवा प्रवाह आडवा आला तर तो बोट कडेने खाली खेचतो. उथळ पाण्यात चिखलात रोवायची काठी जास्त सोयीची. मासे शोधायचं यंत्र, कॅमेऱ्याचे दांडे, झेंडे हे सगळं पुढच्या वर्षी.

पायरी ८: पहिली सकाळ

मार्च ते मे किंवा ऑक्टोबर निवडा. वसंतात पाणी साठ-पासष्ट फॅरनहाइटला आलं की बॅस अंडी घालायला काठाजवळ येतात, म्हणजे वल्ह्याच्या टप्प्यात. उन्हाळ्यात जायचं तर उजाडताना पाण्यावर आणि दहाला घरी. वारा ताशी दहा-बारा मैलांच्या वर सांगितला असेल तर दुसरा दिवस बघा. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. ढग गडगडले की सरळ काठ; हातात सात फुटी, वीजवाहक ग्राफाइटचा रॉड आहे. कुठे जातोय आणि कधी परतणार ते घरी सांगून ठेवा.

मासा लागला की उभे राहू नका, बाहेर वाकू नका. आपलं नाक बोटीच्या मध्यावर ठेवायचं आणि मासा जाळीकडे आणायचा. हात ओले करा, खालचा ओठ अंगठ्याने धरा. मोठा असेल तर दुसऱ्या हाताने पोटाला आधार द्या, नुसता जबड्यावर लोंबकळवू नका. कयाकवाले मासा तोलत नाहीत, मोजपट्टीवर ठेवून फोटो काढतात आणि सोडतात. स्पर्धाही अशाच होतात, इंचांवर. २४ इंचांचा मिळाला तर शेअरलंकर उपक्रमात नोंद करता येते, ८ पौंड किंवा २४ इंच ही त्याची सर्वांत खालची पायरी.

घरी न्यायचा का? बहुतेक तलावांवर १४ इंचांच्या वरचे दिवसाला पाच चालतात, पण अपवाद बरेच. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक मासा सोडावा लागतो. कॅडो लेकसारख्या पूर्वेकडच्या काही पाण्यांत पाऱ्यामुळे मोठा बॅस कमी खाण्याची आरोग्य सूचना आहे. खात्याचं आउटडोअर ॲन्युअल हे ॲप फोनवर ठेवा, तलावाचं नाव टाकलं की नियम समोर. बारा-तेरा इंचांचा कालवणाला बरा दिसतो म्हणून सासूबाईंसाठी पिशवीत टाकू नका, काठावर गेम वॉर्डन, म्हणजे वन्यजीव खात्याचा अधिकारी, उभा असू शकतो. सासूबाईंना मासा खायचाच असेल तर दुकानातला कॅटफिश आणा. तिखट-हळद, कोकम आणि रवा लावल्यावर त्या तक्रार करणार नाहीत.

निघताना बोटीचा बुचाचा स्क्रू काढून आतलं पाणी तिथेच काठावर ओतून टाका. झेब्रा शिंपले एका तलावातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून टेक्सासमध्ये हे बंधनकारक आहे. चिकटलेलं शेवाळ काढा. घरी आल्यावर बोट कडेवर किंवा उलटी ठेवा, टेकू दोन टोकांपासून साधारण पाव-पाव लांबीवर द्या म्हणजे मधे वाकत नाही, आणि लाइफ जॅकेट सावलीत वाळत घाला. बुचाचा स्क्रू लगेच परत लावून ठेवा. पुढच्या शनिवारी अंधारात निघताना तोच नेमका सापडत नाही.